न्यायालयाचे समन्स आणि सरकारी कर्मचाऱ्याची पगारी रजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालयातून समन्स आले की कर्मचारी आस्थापना शाखेत येऊन बहुधा पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे "कोर्टासाठी किती दिवस रजा मिळते?" या प्रश्नाचे उत्तर दिवसांच्या आकड्यात देता येत नाही. आपल्याला कोणत्या नात्याने बोलावले आहे, यावर सगळे ठरते. पुढील उत्तरे मुख्यतः टपाल, आयकर, महालेखापाल यांसारख्या कार्यालयांतील केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या नियमांवर आधारलेली आहेत. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांच्या कर्मचाऱ्यांविषयी शेवटाकडे स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

सरकारी नोकरीत 'कोर्टाची रजा' असा स्वतंत्र प्रकार आहे का?

नाही. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, अनर्जित, असाधारण, प्रसूती, बालसंगोपन असे अनेक प्रकार आहेत. परंतु न्यायालयात हजर राहण्यासाठी म्हणून वेगळी रजा त्यांत कोठेही नाही. अमेरिकेतील संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना ज्युरी म्हणून किंवा विशिष्ट परिस्थितीत साक्षीदार म्हणून जाण्यासाठी 'कोर्ट लीव्ह' या नावाची पगारी रजा कायद्यानेच दिलेली आहे. तिकडचे नातेवाईक असलेल्या आपल्याकडील कर्मचाऱ्यांच्या मनात हाच शब्द घोळत असतो, पण आपली व्यवस्था निराळी आहे.

आपल्याकडे न्यायालयातील हजेरीचा दिवस तीनपैकी एका कप्प्यात जातो. एक, तो दिवस कर्तव्यावरचा मानला जातो आणि रजेचा प्रश्नच उरत नाही. दोन, त्या दिवसासाठी विशेष नैमित्तिक रजा मंजूर होते, म्हणजे पगार चालू राहतो आणि आपल्या खात्यावरची कोणतीही रजा खर्ची पडत नाही. तीन, ते काम आपले खासगी असते आणि त्यासाठी स्वतःची नैमित्तिक किंवा अर्जित रजा टाकावी लागते.

माझे समन्स कोणत्या कप्प्यात बसते, हे कसे ओळखावे?

समन्सवरील तीन गोष्टी पाहाव्यात : खटला फौजदारी आहे की दिवाणी, पक्षकार कोण आहेत, आणि आपल्याला नावाने बोलावले आहे की पदनामाने. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा. ज्या गोष्टीविषयी मला साक्ष द्यायची आहे, ती मला नोकरी करताना कळली की नागरिक म्हणून?

समजा, एका टपाल कार्यालयातील बचत खात्यातून खोट्या सहीने पैसे काढले गेले आणि त्या वेळी खिडकीवर बसलेल्या सहायकाला फौजदारी खटल्यात सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्याला माहीत असलेली गोष्ट त्याच्या कामातूनच त्याच्यापर्यंत आलेली आहे. त्यामुळे त्याचा न्यायालयातील दिवस, आणि बाहेरगावी जावे लागल्यास प्रवासाचा काळही, कर्तव्याचा मानला जातो. हा पहिला कप्पा झाला.

तोच सहायक सकाळी कामावर येताना चौकात झालेला अपघात पाहतो आणि वर्षभराने त्याला त्या खटल्यात साक्षीला बोलावले जाते. येथे नोकरीचा काही संबंध नाही; पण त्याचे स्वतःचे हितसंबंधही त्यात गुंतलेले नाहीत. दिवाणी अथवा फौजदारी प्रकरणात, स्वतःचे खासगी हितसंबंध वादात नसताना, साक्षीसाठी समन्स आल्यास विशेष नैमित्तिक रजा देता येते आणि ती अनुपस्थितीच्या आवश्यक कालावधीला पुरेल एवढी असावी, असे केंद्र सरकारच्या सूचना सांगतात. 'पुरेल एवढी' या शब्दांकडे लक्ष द्यावे. वर्षाला अमुक दिवस अशी मर्यादा या कारणासाठी घातलेली नाही, आणि सुनावणी दूरच्या जिल्ह्यात असेल, तर जाण्यायेण्याचे दिवसही त्यात धरले गेले पाहिजेत.

आता त्याच सहायकाचा साताऱ्यात भावांशी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा चालू आहे. तारखेला हजर राहणे त्याला कितीही अपरिहार्य असले, तरी ते त्याचे घरचे काम आहे. त्यासाठी स्वतःचीच रजा लागेल.

खरी अडचण सीमारेषेवरच्या प्रकरणांत येते. कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली, फिर्याद त्याने दिली आणि खटल्यात तो साक्षीदार आहे, तर त्याचे हितसंबंध 'वादात' आहेत काय? खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो आणि फिर्यादी केवळ साक्षीदार असतो, असे एक बाजू म्हणते. चोरीस गेलेला ऐवज त्याचाच आहे, असे दुसरी. निर्णय रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. माझ्या मते, समन्स न्यायालयाने काढले असेल, न जाण्याची मुभा नसेल आणि शिक्षेची मागणी सरकार पक्ष करीत असेल, तर विशेष नैमित्तिक रजेची बाजू अधिक बळकट आहे. मात्र अर्जात ही कारणमीमांसा दोन ओळींत मांडावी लागते. 'कोर्टाचे काम' एवढेच लिहून सोडलेला अर्ज आस्थापना शाखा तिसऱ्या कप्प्यात टाकते आणि त्यात तिची फारशी चूक नसते.

दोन खासगी व्यक्तींच्या दाव्यात कार्यालयातील कागद घेऊन बोलावले, तर?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा किचकट आहे. मृत खातेदाराच्या ठेवीवरून दोन भाऊ भांडत आहेत, शासन त्यात पक्षकार नाही, आणि न्यायालयाने टपाल कार्यालयातील कर्मचाऱ्याला मूळ अर्ज घेऊन बोलावले आहे, असे समजू. प्रवासभत्त्याच्या पूरक नियमांपैकी नियम १५४ फौजदारी खटला, लष्करी न्यायालयापुढील प्रकरण, शासन पक्षकार असलेला दिवाणी दावा आणि विभागीय चौकशी यांनाच लागू होतो. दोन खासगी पक्षांचा दावा त्यात बसत नाही, म्हणून तेथे नियम १५५ पाहावा लागतो. त्यानुसार कर्मचाऱ्याला न्यायालयाच्या नियमांप्रमाणे जे मिळेल तेवढेच घेता येते, आणि प्रवासखर्च वगळता निर्वाहभत्ता किंवा भरपाई म्हणून काही रक्कम मिळाली, तर त्या दिवसांचा पूर्ण पगार घेण्यापूर्वी ती सरकारजमा करावी लागते. पगार बुडत नाही, पण एकाच दिवसाचे दोनदा पैसे मिळणार नाहीत, असा याचा सरळ अर्थ आहे.

साक्षीदाराचा खर्च आधी न्यायालयात भरण्याची जबाबदारी समन्स मागणाऱ्या पक्षावर असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ मध्ये तशी तरतूद आहे. त्याच आदेशातील नियम ६ फारसा कोणाला ठाऊक नसतो. समन्स केवळ दस्तऐवज हजर करण्यासाठी असेल, तर स्वतः न जाता तो दस्तऐवज दुसऱ्यामार्फत हजर केला तरी समन्सचे पालन झाले, असे मानले जाते. त्यामुळे समन्स 'साक्षीसाठी' आहे की 'दस्तऐवज हजर करण्यासाठी', हे आधी नीट वाचावे. एका शिपायाच्या फेरीत भागणाऱ्या कामासाठी अधिकाऱ्याने दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही. अप्रकाशित सरकारी अभिलेखातून राज्यकारभाराविषयी काही सांगायचे असेल, तर विभागप्रमुखाची परवानगी लागते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२९ मध्ये हे बंधन आहे.

समन्स थेट माझ्या हाती न देता कार्यालयप्रमुखांकडे का येते?

कारण कायदाच तसे सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) च्या कलम ६८ नुसार शासनाच्या सक्रिय सेवेतील व्यक्तीवरील समन्स न्यायालय सर्वसाधारणपणे दोन प्रतींत कार्यालयप्रमुखाकडे पाठवते, आणि ते बजावून आपल्या सहीने पोच परत करणे हे कार्यालयप्रमुखाचे काम असते. दिवाणी प्रकरणांत आदेश ५ च्या नियम २७ मध्ये अशीच सोय आहे. कार्यालयाला कर्मचाऱ्याच्या जागी दुसऱ्याची व्यवस्था करायला वेळ मिळावा, हा यामागील व्यावहारिक हेतू आहे. समन्स घरच्या पत्त्यावर आले म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही. त्याची प्रत त्याच दिवशी आवक क्रमांकासह कार्यालयात नोंदवून घ्यावी. नव्या संहितेमुळे समन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही येऊ शकते. अशा वेळी त्यावर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल स्वाक्षरी आहे काय, ते पाहावे.

मार्चअखेरचे काम आहे म्हणून साहेब सोडत नाहीत. काय करावे?

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे १९७२ च्या रजा नियमांतील नियम ७ चे सुप्रसिद्ध वाक्य अशा वेळी ऐकवले जाते. ते खरे आहे, पण येथे गैरलागू आहे. साक्षीचे समन्स हा न्यायालयाचा आदेश असतो. कार्यालयप्रमुखाला तो रद्द करता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही. अडचण खरीच मोठी असेल, तर कार्यालयाने सरकारी वकिलामार्फत न्यायालयाला तारीख बदलण्याची विनंती करावी. न्यायालयाने ती मान्य करेपर्यंत जुनी तारीख कायम असते.

साक्षीदार योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिला, तर त्याच्याविरुद्ध वॉरंट निघू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८९ खाली संक्षिप्त पद्धतीने पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली न्यायालयाचे समन्स जाणूनबुजून डावलणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. 'कार्यालयाने सोडले नाही' ही सबब न्यायालयापुढे तग धरेलच असे नाही, आणि ती तोंडी असेल तर मुळीच नाही. म्हणून समन्सची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि नकार असल्यास तोही लेखी मागावा. नकार लेखी द्यायचा म्हटले की बहुतेक अधिकारी परवानगीच देतात.

विशेष नैमित्तिक रजेच्या सूचनांत 'ज्युरी' आणि 'असेसर' (खटल्यात न्यायाधीशाला मत देणारे नागरिक) हे शब्द आहेत. भारतात ज्युरी आहे का?

सर्वसाधारण फौजदारी खटल्यांत नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्या १९५९ च्या मुंबईतील खटल्यानंतर ज्युरी पद्धतीवरचा विश्वास ओसरत गेला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. नियमपुस्तकातला शब्द मात्र राहिला. पारशी विवाहविषयक न्यायालयांत प्रतिनिधी बसवण्याची जुनी पद्धत कायद्यात अजून आहे, तेवढा एक अवशेष.

दिवसभर बसलो, साक्ष झालीच नाही आणि पुढची तारीख मिळाली. तो दिवस वाया गेला का?

नाही. नियम पाहतो तो समन्सप्रमाणे हजर राहिल्याकडे. साक्ष नोंदली गेली की नाही, याकडे नव्हे. आरोपीचा वकील आला नाही, न्यायाधीश रजेवर होते, न्यायालयाचा वेळ दुसऱ्या खटल्यात गेला, यांपैकी कशाचीही जबाबदारी साक्षीदारावर पडत नाही. प्रमाणपत्रावर मात्र 'साक्ष नोंदवली नाही, पुढील तारीख अमुक' असे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढच्या वेळी वेगळे समन्स बहुधा येत नाही, न्यायालय साक्षीदाराला तोंडीच बांधून घेते, आणि कार्यालयाला दाखवायला आपल्याकडे तेवढाच एक कागद उरतो.

हजर असलेल्या साक्षीदाराची साक्ष न घेता, विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय, खटला तहकूब करू नये, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात तहकुबी होतच असते. साक्षीदाराने सरकारी वकिलाला नम्रपणे या तरतुदीची आठवण करून देण्यास हरकत नसते, आणि कधीकधी त्याचा उपयोगही होतो. निघण्यापूर्वी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारीख तीच आहे ना, हे पाहिले तर निष्फळ खेप वाचू शकते.

हजेरीचे प्रमाणपत्र कोणाकडून घ्यावे, आणि त्यात काय असावे?

न्यायकक्षातील बेंच क्लार्ककडे मागणी करावी. प्रमाणपत्रावर न्यायालयाचा शिक्का हवा. खटल्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, आपले नाव व पदनाम, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत थांबावे लागले, आणि न्यायालयाकडून काही रक्कम मिळाली असल्यास तिचा आकडा, मिळाली नसल्यास तसा उल्लेख, एवढे त्यात असावे. शेवटची बाब सर्रास राहून जाते आणि मग प्रवासभत्त्याचे देयक लेखा शाखेतून आक्षेपासह परत येते. प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. दुसऱ्या दिवशी कारकून ओळख विसरतो आणि महिन्याभराने नस्ती दुसऱ्या मजल्यावर गेलेली असते.

न्यायालय दुपारी बारा वाजता मोकळे करीत असेल आणि कार्यालय त्याच गावात असेल, तर उरलेला अर्धा दिवस कामावर जाणे अपेक्षित आहे. वेळेची नोंद आहे म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या तरी ध्यानात येते.

प्रवासभत्ता कार्यालय देते की न्यायालय?

नियम १५४ लागू असेल, तर दौऱ्यावर गेल्याप्रमाणे प्रवासभत्ता कार्यालयाकडून मिळतो आणि देयकासोबत न्यायालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अशा वेळी न्यायालयाकडून खर्चाची रक्कम स्वीकारायची नसते. कोणी भरलेली रक्कम हाती आलीच, तर ती सरकारजमा करावी. एक छोटा अपवाद आहे. न्यायालय मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत असल्याने प्रवासभत्ता देय होत नसेल आणि कर्मचाऱ्याला कायम प्रवासभत्ताही मिळत नसेल, तर न्यायालय देईल तो प्रत्यक्ष प्रवासखर्च त्याला घेता येतो. न्यायालयात हे पैसे नाझर शाखेतून, म्हणजे तेथील रोखीचे व्यवहार पाहणाऱ्या शाखेतून मिळतात.

दौऱ्याचे देयक प्रवास संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सादर करावे लागते. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तीच बसलेली आहे.

विशेष नैमित्तिक रजेवर गेलेल्याला कार्यालयाकडून प्रवासभत्ता मिळत नाही. त्याने आपला खर्च न्यायालयाकडेच मागावा.

मी आधीच रजेवर आहे, किंवा निलंबित आहे, आणि नोकरीतल्या प्रकरणात साक्षीला बोलावले आहे. मग?

नियम १५४ चा लाभ रजेवरील आणि निलंबित कर्मचाऱ्यालाही मिळतो; प्रवासभत्ता ज्या ठिकाणाहून बोलावले त्या ठिकाणापासून मोजला जातो. म्हणजे मुंबईचा कर्मचारी अर्जित रजेवर कुडाळला गेलेला असेल आणि समन्स तेथे बजावले गेले असेल, तर प्रवास कुडाळपासून धरावा.

बदली झालेल्यांसाठी आणि निवृत्तांसाठी परिस्थिती अलीकडे बरीच बदलली आहे. जुना अनुभव असा की पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या एखाद्या पंचनाम्यासाठी किंवा अहवालासाठी अधिकाऱ्याला राज्याच्या दुसऱ्या टोकाहून फेऱ्या घालाव्या लागत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ नुसार, अहवाल तयार करणारा लोकसेवक, शास्त्रीय तज्ज्ञ किंवा वैद्यकीय अधिकारी बदलून गेला असेल, निवृत्त झाला असेल, हयात नसेल किंवा त्याला आणण्यात विलंब होणार असेल, तर न्यायालय त्या पदावरील उत्तराधिकाऱ्याची साक्ष घेते. शिवाय अहवालाला एखाद्या पक्षाने आक्षेप घेतल्याशिवाय अशा लोकसेवकाला बोलावूच नये, असेही तेथे म्हटले आहे. हे कलम फक्त दस्तऐवज व अहवाल यांपुरते आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेची साक्ष उत्तराधिकारी देऊ शकत नाही. समन्स जुन्या पदाच्या अहवालाबाबत असेल, तर हे कलम दाखवून सरकारी वकिलाशी बोलावे.

माझा स्वतःचा खटला आहे. पगारी रजेचा कोणताच मार्ग नाही का?

पगारी रजा मिळते, पण ती आपल्या खात्यातून. केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात आणि अर्धा दिवसही घेता येतो. त्या संपल्या की अर्जित रजा. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, दर सहामाहीच्या सुरुवातीला १५ याप्रमाणे जमा होते. विशेष नैमित्तिक रजा नैमित्तिक रजेला किंवा नियमित रजेला जोडता येते, दोन्हींना एकदम नाही. त्यामुळे साक्षीसाठी गावी जाणार आणि तेथेच चार दिवस राहून स्वतःचे काम उरकणार, असा बेत असेल तर अर्ज करण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे.

रजा वाचवण्याचा खरा मार्ग रजा नियमांत नसून प्रक्रियेच्या कायद्यात आहे. फौजदारी प्रकरणात, उदाहरणार्थ धनादेश न वटल्याच्या खटल्यात, आरोपीला व्यक्तिशः हजेरीतून सूट मागता येते. नागरिक सुरक्षा संहितेची कलमे २२८ आणि ३५५ त्यासाठी आहेत. दिवाणी दाव्यात बहुतेक तारखांना वकील पुरेसा असतो, सरतपासणी शपथपत्रावर होते, आणि पक्षकाराची उपस्थिती मुख्यतः उलटतपासणीच्या दिवशी लागते. कुटुंब न्यायालयाची गोष्ट वेगळी आहे. १९८४ च्या कायद्यानुसार तेथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीचा भाग आहे, आणि समुपदेशनाच्या भेटींना तर स्वतःच जावे लागते. घटस्फोट किंवा पोटगीचे प्रकरण चालू असलेल्या कर्मचाऱ्याची वर्षभराची नैमित्तिक रजा जूनपर्यंत संपलेली असते, ही स्थिती आस्थापना शाखांनी पाहिलेली आहे. सलग तारखांचा अंदाज असेल तर सुरुवातीपासून अर्जित रजेचा वापर करावा आणि नैमित्तिक रजा आजारपणासाठी राखून ठेवावी.

रजा न टाकता तारखेला जाणे हा सर्वांत महागडा पर्याय आहे. अनधिकृत अनुपस्थितीचा पगार तर मिळत नाहीच, शिवाय सेवापुस्तकात त्याची नोंद राहते.

शासनाविरुद्ध सेवाविषयक प्रकरण दाखल केले आहे. तेथे हजर राहणे कर्तव्य धरले जाते का?

केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण असो वा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, अर्जदार म्हणून जाणे हे खासगी कामच समजले जाते. पदोन्नती किंवा ज्येष्ठता ही नोकरीतलीच बाब असल्याने हे अनेकांना अन्यायाचे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे; पण दाद मागणारी व्यक्ती आपल्या हिताचेच रक्षण करीत असते. दिलासा एवढाच की तेथील कामकाज बहुतांशी शपथपत्रांवर चालते आणि अर्जदार उपस्थित नसल्याने काही अडत नाही.

याच प्रकरणात शासनाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दाखल करणारा आणि वकिलाला माहिती देणारा अधिकारी मात्र पूर्णपणे कर्तव्यावर असतो.

कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीवरून माझ्यावरच खटला झाला, तर?

अशा कृतीच्या बचावासाठी शासन खर्च उचलू शकते. केंद्राच्या ८ जानेवारी १९५९ च्या ज्ञापनात त्याची तत्त्वे घालून दिली आहेत आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्येही अशा खर्चाच्या दाव्यांचा उल्लेख आहे. शासनाने बचाव आपल्याकडे घेण्याचा आदेश काढला, तर न्यायालयातील हजेरीचे दिवस कसे धरायचे, याचा निर्णय त्याच आदेशात मागून घ्यावा. नंतर दिवसागणिक पत्रव्यवहार करण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे. खासगी कृत्यावरून आरोपी असेल, तर स्वतःचीच रजा. अटक होऊन कोठडी ४८ तासांपेक्षा अधिक झाली, तर निलंबन झाल्याचे मानले जाते, आणि निलंबनकाळात रजा मंजूर करता येत नाही.

विभागीय चौकशीत साक्षीदार किंवा बचाव सहायक म्हणून गेलो तर?

दोघेही कर्तव्यावर. रजा मागू नये आणि कार्यालयाने ती लावू नये.

दृक्‌श्राव्य पद्धतीने साक्ष देता येते का?

येते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ही पद्धत ग्राह्य मानली होती. ३ जानेवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासन पक्षकार असलेल्या प्रकरणांत अधिकाऱ्यांना व्यक्तिशः बोलावण्याविषयी कार्यपद्धती घालून दिली : ऊठसूट बोलावू नये, बोलावणे आवश्यक असेल तर पहिला पर्याय दृक्‌श्राव्य उपस्थितीचा असावा. ती कार्यपद्धती अधिकाऱ्यांना स्पष्टीकरणासाठी पाचारण करण्याविषयी आहे. ती दाखवून साक्षीदाराला समन्स टाळता येणार नाही. कार्यालयातूनच दृक्‌श्राव्य साक्ष दिली, तर रजेचा मुद्दाच उद्भवत नाही. फक्त तेवढा वेळ स्वतंत्र खोली मिळावी, म्हणून आदल्या दिवशी कळवावे.

पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावले आहे. हेच नियम लागू होतात का?

पोलिसांची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे, आणि विशेष नैमित्तिक रजेची वरील सूचना न्यायालयापुढील साक्षीसाठी आहे. नोकरीतल्या घटनेविषयी जबाब असेल, तर कार्यालयप्रमुखाच्या आदेशाने कर्तव्य म्हणून जावे. अन्यथा अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा टाकावी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

राज्य सरकारी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे काय?

गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचेच रजा नियम लागू असल्याने त्यांच्यासाठी वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे. महाराष्ट्र शासनाचे स्वतःचे नियम आहेत : महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि त्याच मालिकेतील इतर नियम. अधिकृत नात्याने साक्ष आणि खासगी काम हा मूळ भेद तेथेही महत्त्वाचा आहे. मात्र अर्जात केंद्राच्या नियमांचे क्रमांक लिहू नयेत, कारण ते पाहताच अर्ज परत येतो. कंत्राटी व्यक्तींना १९७२ चे नियम करारात तसे म्हटले असेल तरच लागू होतात, म्हणून त्यांनी आधी करारनामा वाचावा. समन्स पाळण्याचे बंधन मात्र सर्वांना सारखेच आहे.

साक्षीला गेलो होतो, तरी कार्यालयाने माझी अर्जित रजा कापली. आता काय करता येईल?

आधी आपलाच अर्ज काढून पाहावा. घाईत 'अर्जित रजा' असे आपणच लिहिले असेल, तर कार्यालयाने मागितले तेच दिले आहे. तसे नसेल, तर नियम ७ चे दुसरे अंग उपयोगी पडते : देय असलेल्या आणि मागितलेल्या रजेचा प्रकार, कर्मचाऱ्याची लेखी विनंती असल्याशिवाय, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला बदलता येत नाही. समन्सची प्रत, हजेरीचे प्रमाणपत्र आणि मूळ अर्जाची प्रत जोडून तो कालावधी कर्तव्याचा, अथवा प्रकरणानुरूप विशेष नैमित्तिक रजेचा, धरावा अशी लेखी विनंती लगेच करावी. एका प्रकारच्या नियमित रजेचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर मागण्याची मुदत रजा संपल्यापासून ३० दिवसांची आहे, आणि तीच आपल्या विनंतीलाही लावली जाईल असे धरून चालणे शहाणपणाचे. मागणी मान्य झाल्यावर आदेशाच्या प्रतीवर समाधान मानू नये. रजा लेख्यात कापलेले दिवस खरोखर परत जमा झाले आहेत आणि त्या नोंदीवर सही आहे, हे स्वतः सेवापुस्तक उघडून पाहावे.